थ्रीडी व्हिडिओ थेट पाठवून मल्लखांब शिकवता येईल का?

सलामी (धागाकर्ता)

नमस्कार. मी दादर परिसरात मुलामुलींना मल्लखांब शिकवतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये शिवाजी पार्कवर पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा झाली, तेव्हा परदेशातले खेळाडूही खांबावर पाहायला मिळाले, आणि त्यानंतर बाहेरदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडून शिकवण्याविषयी विचारणा होऊ लागली. सध्या जर्मनीतील काही मुले माझ्याकडे व्हिडिओ कॉलवर शिकतात. त्यांच्या गावातील व्यायामशाळेत पुरलेला खांब आहे आणि दोरीही टांगलेली आहे.

अडचण अशी आहे की सपाट पडद्यावर खोली समजत नाही. मुलगा अढी घालतो, म्हणजे पायांनी खांबाला वेढा घालतो, तेव्हा त्याची मांडी खांबाला घट्ट बिलगली आहे की नुसती टेकली आहे, हे समोरच्या कॅमेऱ्यातून ओळखता येत नाही. दसरंग हा मल्लखांबाचा प्रकार करताना कंबर खांबापासून किती दूर गेली, हाताची पकड खांबाच्या मागे कोठे बसली, याचा मला केवळ अंदाज करावा लागतो, आणि मल्लखांबात अंदाजावर शिकवणे मला मान्य नाही.

म्हणून जाणकारांना विचारतो. दोन्ही बाजूंनी थ्रीडी व्हिडिओ थेट पाठवणे आज घरगुती इंटरनेटवर शक्य आहे का? तो कोणत्या स्वरूपात पाठवावा, त्याला किती बँडविड्थ (सेकंदाला माहिती वाहून नेण्याची क्षमता) लागेल, त्यात किती उशीर होईल आणि पाहणाऱ्याकडे कोणते साधन असावे? खर्च मर्यादित आहे, परंतु योग्य गोष्टीवर तो करण्याची तयारी आहे.

तारवाला

प्रश्न उत्तम आहे. मी नेटवर्कच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून आधी आकडे मांडतो.

'थ्रीडी व्हिडिओ' या एका नावाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी येतात. पहिली म्हणजे दोन डोळ्यांसाठी दोन चित्रे पाठवणे. दुसरी म्हणजे एक रंगीत चित्र आणि त्याच्या जोडीला प्रत्येक बिंदूचे कॅमेऱ्यापासूनचे अंतर सांगणारा खोलीचा नकाशा पाठवणे. तिसरी म्हणजे अनेक कॅमेऱ्यांतून माणसाचे पूर्ण घनरूप तयार करून ते पाठवणे, जेणेकरून पाहणारा त्याच्याभोवती फिरू शकेल.

१०८० ओळींचे, सेकंदाला ३० फ्रेमचे एक चित्र न आवळता (कॉम्प्रेस न करता) पाठवले, तर रंगाची माहिती नेहमीप्रमाणे कमी करूनही सेकंदाला सुमारे ७४६ मेगाबिट लागतात. दोन डोळ्यांसाठी हा आकडा दीड गिगाबिटच्या घरात जातो. घनरूपाचे गणितही तितकेच मोठे आहे. एका फ्रेममध्ये दहा लाख बिंदू, प्रत्येक बिंदूच्या स्थानासाठी ३० बिट आणि रंगासाठी २४ बिट धरले, तर ३० फ्रेमना १.६ गिगाबिटहून अधिक लागतात. यावरून कळेल की थ्रीडी पाठवण्याचा प्रश्न मुळात आवळण्याचा आहे.

आवळल्यानंतर चित्र पालटते. साधा १०८० ओळींचा थेट व्हिडिओ ४ ते ६ मेगाबिटमध्ये बरा दिसतो. दोन्ही डोळ्यांची चित्रे बरीचशी सारखी असल्यामुळे दुसऱ्या डोळ्यासाठी दुप्पट खर्च येत नाही. आपल्या घरातील फायबर जोडणीला हे झेपते, मात्र पाठवण्याचा वेग उतरवण्याच्या वेगाइतकाच आहे ना, हे आधी तपासावे.

अर्धमात्रा

तारवाला यांच्या शेवटच्या मुद्द्याला थोडी जोड देते, कारण व्हिडिओ कोडेक, म्हणजे व्हिडिओ आवळण्याचे आणि उलगडण्याचे तंत्र, हे माझे रोजचे काम आहे.

दुसरा डोळा पहिल्यावरून वर्तवायचा, ही पद्धत व्हिडिओ आवळण्याच्या एच.२६४ या मानकात २००९ मध्ये 'मल्टिव्ह्यू' विस्तार म्हणून आली. त्याच वर्षी ठरलेल्या ब्लू-रे थ्रीडीने तीच स्वीकारली आणि तेव्हा दोन डोळ्यांसाठी एका डोळ्याच्या साधारण दीडपट जागा लागते असे सांगितले गेले. पुढे २०१४ मध्ये त्यानंतरच्या एचईव्हीसी मानकालाही असाच विस्तार मिळाला. ॲपलने २०२३ मध्ये आयफोन १५ प्रोवर आणलेला 'स्पेशिअल व्हिडिओ' याच विस्तारात साठवला जातो.

तथापि थेट प्रक्षेपणासाठी मी सरांना हा मार्ग सुचवणार नाही. व्हिडिओ कॉलची बहुतेक साधने आणि ब्राउझर हे विस्तार जाणत नाहीत. त्याऐवजी दोन्ही चित्रे एकाच फ्रेममध्ये शेजारी-शेजारी किंवा वर-खाली बसवावीत. मग तो साधा व्हिडिओ होतो, कोणताही एन्कोडर त्याला आवळतो आणि कोणतेही नेटवर्क त्याला वाहून नेते. मधल्या कोणत्याही यंत्राला तो थ्रीडी असल्याचे कळण्याची गरज राहत नाही.

चौथा मजला

हे सर्व वाचून एक मूलभूत शंका येते. थ्रीडी टीव्हीचा बाजार दहा वर्षांपूर्वीच संपला. २०१० च्या फुटबॉल विश्वचषकातील २५ सामने थ्रीडीत चित्रित झाले होते, पण २०१३ मध्ये बीबीसीने थ्रीडी कार्यक्रम थांबवले, ईएसपीएनने आपली थ्रीडी वाहिनी बंद केली आणि २०१७ पर्यंत मोठ्या कंपन्यांनी असे संच बनवणेही सोडले. ज्या तंत्राकडे प्रेक्षकांनी पाठ फिरवली, त्याच्यामागे आपण का जावे? खांबापासून काटकोनात एक दुसरा साधा कॅमेरा लावला तर समोरून जे दिसत नाही ते बाजूने दिसेल. एवढ्यावर काम भागणार नाही का?

लोलक

चौथा मजला यांचा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. मी भौतिकशास्त्र शिकवतो, तेव्हा दोन डोळ्यांच्या चित्रातून खोली किती अचूक मिळते याचे गणितच मांडतो. माझ्या मते या धाग्याचा निर्णय त्यावर अवलंबून आहे.

१८३८ मध्ये चार्ल्स व्हीटस्टन यांनी आपला स्टिरिओस्कोप मांडला, तेव्हापासून तत्त्व तेच आहे. एकच वस्तू दोन डोळ्यांना किंचित सरकलेली दिसते आणि त्या सरकण्यातून अंतर कळते. कॅमेऱ्याच्या बाबतीत एका पिक्सेलच्या सरकण्यामागे किती अंतर दडले आहे, हे काढायचे असेल तर वस्तूच्या अंतराचा वर्ग करावा आणि त्याला भिंगाचे पिक्सेलमधील नाभीय अंतर (फोकल लेंग्थ) व दोन भिंगांमधील अंतर यांच्या गुणाकाराने भागावे.

खांब कॅमेऱ्यापासून ४ मीटरवर आहे, भिंगे माणसाच्या डोळ्यांप्रमाणे साडेसहा सेंटीमीटर दूर आहेत आणि १९२० पिक्सेल रुंदीच्या चित्राचे नाभीय अंतर १४०० पिक्सेलच्या आसपास आहे, असे धरू. मग एक पिक्सेल म्हणजे १७ ते १८ सेंटीमीटर खोली! मांडी खांबाला टेकली आहे की दोन बोटे दूर आहे, हे अशा चित्रातून ठरवणे अवघड आहे. पोत (पृष्ठभागावरील बारीक तपशील) स्पष्ट असेल तर पिक्सेलच्या अंशापर्यंत मोजता येते हे खरे, परंतु आवळलेल्या चित्रात पहिला बळी त्या बारीक पोताचाच जातो.

सुधारणा दोन प्रकारे होते. कॅमेरा २ मीटरवर आणला तर हाच आकडा साडेचार सेंटीमीटरच्या खाली येतो. अंतर ४ मीटरच ठेवून भिंगे २० सेंटीमीटर दूर केली तर तो सुमारे पावणेसहा सेंटीमीटर होतो. या दुसऱ्या उपायात माणूस आणि खांब दोन्ही खेळण्याएवढे लहान भासतात, पण शिकवण्याच्या दृष्टीने ते चालण्यासारखे आहे.

अर्धमात्रा यांच्या सूचनेत यामुळे एक काळजी घ्यावी लागेल. शेजारी-शेजारी बसवताना प्रत्येक चित्र रुंदीत निम्मे केले, म्हणजे ९६० पिक्सेलवर आणले, तर खोलीची अचूकताही निम्मी होते, कारण डोळ्यांमधला फरक आडव्या दिशेतच असतो. चित्र निम्मे करणे भागच असेल तर वर-खाली बसवावे. त्यात उंचीतील तपशील जातो, पण खोली टिकते.

अर्धमात्रा

लोलक यांचे म्हणणे पूर्णपणे बरोबर आहे आणि टीव्हीच्या जमान्यात याकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही. आता निम्मे करण्याची गरजही उरलेली नाही. ३८४० बाय १०८० आकाराचा एकच रुंद फ्रेम आजचे एन्कोडर सहज आवळतात, म्हणून दोन्ही चित्रे पूर्ण रुंदीची ठेवावीत.

एकाच फ्रेममध्ये बसवण्याचा आग्रह मी आणखी एका कारणासाठी धरते आणि ते कारण मल्लखांबात विशेष लागू पडते. दोन डोळ्यांचे दोन वेगळे प्रवाह पाठवले आणि पोहोचताना त्यांच्यात एका फ्रेमचा फरक पडला, तर तो ३३ मिलिसेकंदांचा असतो. खेळाडूचा पाय सेकंदाला ३ मीटर वेगाने फिरत असेल तर तेवढ्यात तो १० सेंटीमीटर सरकतो, म्हणजे दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षाही जास्त. मेंदू त्या सरकण्यालाच खोली समजतो आणि पाय खांबाच्या पुढे किंवा मागे भलत्याच ठिकाणी दिसतो. स्थिर चित्रात हा दोष कळत नाही आणि हालचालीत मात्र तो सर्व खोली खोटी ठरवतो.

या कारणामुळे दोन स्वतंत्र वेबकॅम जोडून काम होणार नाही. दोन्ही भिंगे एकाच सर्किटवर असलेला आणि दोन्ही संवेदक एकाच क्षणी उघडणारा स्टिरिओ कॅमेरा घ्यावा. लोलक यांनी सांगितल्याप्रमाणे भिंगे अधिक दूर हवी असतील, तर बाहेरून एकत्र चालवता येणारे दोन कॅमेरे घ्यावे लागतील.

दोरीवरची

मी शाळेत असल्यापासून दोरीचा मल्लखांब केला आहे आणि आता गोरेगावात लहान मुलींना शिकवते, म्हणून शिकवणारीच्या बाजूने लिहिते.

चौथा मजला यांचा काटकोनातील कॅमेरा उपयोगी आहे, यात वाद नाही. पण दोरीवर प्रश्न वेगळा असतो. दोरी पायाचा अंगठा आणि त्याशेजारचे बोट यांच्यामध्ये धरतात, मग ती पोटरीवरून किंवा मांडीवरून फिरते. एखादी मुलगी अडते तेव्हा तिला सेंटीमीटर कळायला नको असतात. दोरी कशाच्या पुढून गेली आणि कशाच्या मागून आली, एवढेच तिला हवे असते. हे उत्तर खोलीच्या मापातून मिळत नाही, ते कशाने काय झाकले आहे यावरून मिळते. आणि झाकलेले ओळखायला चित्र स्वच्छ हवे, दोरीचा पीळ दिसायला हवा.

म्हणून माझे मत असे की दोरीसाठी थ्रीडीपेक्षा अधिक स्पष्ट आणि जवळचे साधे चित्र श्रेष्ठ आहे. पुरलेल्या खांबाविषयी सलामी सरांचा अनुभव मोठा आहे, तिथे मी आग्रह धरणार नाही.

पारसिक बोगदा

खोलीचा नकाशा हा दुसरा प्रकार मी प्रत्यक्ष वापरून पाहिला आहे, म्हणून त्याविषयी सविस्तर सांगतो. दोरीवरची यांनी जे लिहिले त्याला त्यातून पुष्टीच मिळते.

रंगीत चित्रासोबत खोलीचा नकाशा पाठवण्याचे मानक एमपेग या व्हिडिओ मानके ठरवणाऱ्या गटाने २००७ मध्येच केले होते. कल्पना आकर्षक आहे, कारण नकाशा राखाडी चित्रासारखा असतो, त्याला जागा कमी लागते आणि पाहणाऱ्याच्या बाजूला त्यावरून दोन्ही डोळ्यांची चित्रे घडवता येतात. परंतु मल्लखांबाच्या बाबतीत तिच्या वाटेत चार गोष्टी आडव्या येतात.

खांबाला एरंडेल तेल लावलेले असते. अंतर मोजणारे बहुतेक संवेदक अवरक्त प्रकाश टाकून तो परत कसा येतो हे पाहतात. चकचकीत, तेलकट, गोल पृष्ठभागावरून तो प्रकाश भलतीकडे परावर्तित होतो आणि खांबाच्या जागी नकाशात भोके पडतात. दुसरे म्हणजे उघड्या मैदानावर सूर्यप्रकाशातील अवरक्त किरण संवेदकाला निकामी करतात, त्यामुळे सकाळच्या उन्हातील वर्ग बाद होतो. तिसरी गोष्ट दोरीची. ती इतकी बारीक असते की नकाशात ती तुटक दिसते किंवा दिसतच नाही.

चौथी अडचण नेटवर्कशी निगडित आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या चित्रासाठी घडवलेला कोडेक नकाशातील तीव्र कडा मऊ करतो. रंगीत चित्रात हे खपून जाते, पण नकाशात हाताची कड मऊ झाली की हात आणि मागची भिंत यांच्यामध्ये हवेत तरंगणारे बिंदू तयार होतात. शिवाय नेहमीच्या व्हिडिओत एका बिंदूला ८ बिट म्हणजे २५६ पायऱ्या मिळतात. १ ते ५ मीटर हे अंतर त्यांत सारखे वाटले तर प्रत्येक पायरी दीड सेंटीमीटरहून मोठी होते, आणि हे आवळण्याच्या आधीचे माप आहे.

बंद हॉल, तेल न लावलेला खांब आणि जमिनीवरील व्यायाम यांसाठी हा मार्ग चांगला आहे. सरांच्या कामासाठी नाही.

वांद्रे पूर्व

मग तिसरा प्रकार, पूर्ण घनरूपाचा, का नको? मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये माणसाचे घनरूप थेट दूर पाठवणारे 'होलोपोर्टेशन' दाखवले होते आणि गूगलचे त्याच धर्तीचे 'स्टारलाइन' २०२१ मध्ये जाहीर झाले, जे आता 'बीम' या नावाने ओळखले जाते. या गोष्टी प्रत्यक्षात आहेत. त्यांचा विचार न करता जुन्या दोन डोळ्यांच्या पद्धतीवर थांबणे मला पटत नाही. शिक्षकाला खांबाभोवती फिरून पाहता आले तर त्याहून चांगले काय असेल?

तारवाला

वांद्रे पूर्व, ध्येय म्हणून आपण म्हणता ते योग्यच आहे आणि मलाही ते एक दिवस पाहायचे आहे. आज मात्र पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

होलोपोर्टेशनच्या पहिल्या प्रयोगाला सेकंदाला एक ते दोन गिगाबिट लागत होते, आणि नंतर चालत्या गाडीतून दाखवलेल्या आवृत्तीत ते ३० ते ५० मेगाबिटपर्यंत खाली आणले गेले. स्टारलाइनच्या संशोधकांनी आपल्या यंत्रणेसाठी ३० ते १०० मेगाबिट सांगितले आहेत. हे आकडे आपल्या आवाक्यात आहेत. अडचण आहे ती कॅमेऱ्यांची मांडणी, त्यांचे जुळवणे आणि गणनशक्ती यांची. स्टारलाइनमध्ये माणूस एका ठरलेल्या जागी बसलेला असतो. येथे तो खांबावर उलटा होऊन फिरतो आहे आणि खांबच त्याचे अर्धे शरीर झाकतो आहे.

बिंदुमेघ, म्हणजे असंख्य बिंदूंनी बनलेले घनरूप, आवळण्याचे मानक २०२१ मध्ये आले. त्यात घनरूपाचे तुकडे सपाट चित्रावर पसरून नेहमीच्या व्हिडिओ कोडेकने आवळतात आणि शंभरपटीच्या आसपास बचत साधते. पण संदर्भासाठी दिलेला एन्कोडर वास्तव वेळेपेक्षा कितीतरी मंद चालतो. २०२३ पासून गाजत असलेल्या 'गॉसिअन स्प्लॅटिंग' या घनदृश्य घडवण्याच्या पद्धतीचे दृश्यही अनेक चित्रांवरून आधी बसवून घ्यावे लागते. आधी मुद्रित केलेल्या व्हिडिओ पाठासाठी या दोन्हींचा विचार जरूर व्हावा, थेट वर्गासाठी तूर्त नाही.

उपनगरी

बँडविड्थची चर्चा पुष्कळ झाली, पण सरांनी उशिराविषयीही विचारले होते. त्याकडे सर्वांनी अधिक गांभीर्याने पाहावे असे मला वाटते.

काचेच्या तंतूतून प्रकाश एका किलोमीटरला सुमारे ५ मायक्रोसेकंद घेतो. मुंबईच्या किनाऱ्याला, वर्सोव्यासारख्या ठिकाणी, लागणाऱ्या समुद्राखालच्या केबली अरबी समुद्र, तांबडा समुद्र आणि इजिप्तमार्गे युरोपात जातात. हा मार्ग ९ ते १० हजार किलोमीटरचा धरला तर एका दिशेला ४५ ते ५० मिलिसेकंद केवळ प्रकाशाच्या प्रवासात जातात आणि कोणतीही कंपनी ते कमी करू शकत नाही. कॅमेऱ्याची एक फ्रेम, एन्कोडर, वाटेतील राउटर, पॅकेटांचा (माहितीच्या तुकड्यांचा) विस्कळीतपणा सावरणारा बफर, डीकोडर आणि पडदा हे सर्व मिळवले की एका दिशेला पाव सेकंद हा व्यवहार्य अंदाज ठरतो. बोलण्यासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने (आयटीयू) एका दिशेला १५० मिलिसेकंदांच्या आत राहण्याची शिफारस केली आहे, यावरून तुलना करता येईल.

आता मुलाचा हात सुटला असे समजा. पाव सेकंदाने ते सरांना दिसेल, सरांच्या तोंडून सूचना निघायला आणखी ०.२ सेकंद जाईल, आवाज पोहोचायला पुन्हा ०.२ सेकंद. या ०.६५ सेकंदात मुक्तपणे पडणारे शरीर दोन मीटरहून अधिक खाली येते. म्हणजे सूचना ऐकू येईपर्यंत मूल जमिनीवर असेल. चित्र थ्रीडी असो वा साधे, सुरक्षिततेची सूचना या मार्गाने देता येणार नाही.

७ सप्टेंबर २००१ रोजी जॅक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमधून स्ट्रासबुर्गमधील रुग्णाचे पित्ताशय यंत्रमानवाच्या साहाय्याने काढले, तेव्हा त्यांना खास राखून ठेवलेली १० मेगाबिटची जोडणी दिलेली होती आणि एकूण उशीर १५५ मिलिसेकंदांच्या आसपास ठेवला होता. तिथे रुग्ण स्थिर होता आणि त्याच्याजवळही वैद्य उभे होते.

दोरीवरची

उपनगरी यांचे आभार मानते. हा हिशेब प्रत्येक ऑनलाइन शिक्षकाने वर्गाच्या भिंतीवर लावावा. तिकडे खांबाशेजारी प्रशिक्षित मोठे माणूस आणि खाली जाड गादी असल्याशिवाय वर्ग सुरूच होऊ नये. शिकवणाऱ्याने सूचना कृतीच्या आधी द्यावी आणि दुरुस्ती मूल खाली उतरल्यावर सांगावी. खांबावर असताना मधेच बोलले तर ते शब्द पुढच्या हालचालीच्या वेळी पोहोचतात आणि मूल गोंधळते.

सलामी

सर्वांनी मनापासून वेळ दिला, त्याबद्दल ऋणी आहे. दोरीवरची ताईंनी सांगितलेली शिस्त आम्ही पाळतो. तिकडे एक जुने खेळाडू नेहमी खांबाजवळ उभे असतात आणि गादी असतेच. उपनगरी यांचा हिशेब मी पालकांनाही पाठवणार आहे.

चर्चेवरून माझ्या एक लक्षात आले. मी दोन्ही बाजूंनी थ्रीडी मागत होतो, पण मला खोली प्रामुख्याने मुलांची पाहायची आहे. मी करून दाखवतो तेव्हा मी कॅमेऱ्याकडे वळू शकतो, थांबू शकतो, तीच अढी दुसऱ्या बाजूने घालू शकतो. मुलांना ते जमत नाही, आणि चूक नेमकी तिथे असते. तर मग जर्मनीकडून मुंबईकडे थ्रीडी आणि मुंबईकडून जर्मनीकडे स्वच्छ साधा व्हिडिओ, अशी व्यवस्था चालेल का?

अर्धमात्रा

सर, ही व्यवस्था उत्तम आहे आणि तिने बरेच प्रश्न एकदम सुटतात. पाहण्याचे साधन आता फक्त आपल्याकडे लागेल, प्रत्येक मुलाकडे नाही. थ्रीडी टीव्ही मिळत नसला तरी डोळ्यांवर लावायचा साधा व्हीआर हेडसेट चालेल. लाल-निळसर काचांचा चष्माही चालेल, त्यात रंग बिघडतात पण खोली दिसते. मात्र लाल-निळसर चित्र तिकडे तयार करून पाठवू नये. व्हिडिओ कोडेक रंगाची माहिती प्रकाशाच्या तीव्रतेपेक्षा कमी तपशिलाने ठेवतो, त्यामुळे दोन डोळ्यांची चित्रे एकमेकांत मिसळतात आणि प्रत्येक कडेला दुहेरी सावली दिसते. पूर्ण रंगातील दोन चित्रे मागवावीत आणि चष्म्यासाठीचे मिश्रण मुंबईत, आपल्या संगणकावर करावे.

बँडविड्थ कमी पडली तर एका डोळ्याचे चित्र थोडे पुसट ठेवता येते. मेंदू अधिक स्पष्ट चित्राकडे झुकतो आणि खोली बरीचशी टिकते.

लोलक

हे पुसटपणाच्या बाबतीत खरे आहे, चौकटी-चौकटींच्या बाबतीत नाही. एन्कोडरला कमी बिट दिल्यामुळे एका डोळ्यात ठोकळे दिसू लागले तर मेंदू त्यांकडे दुर्लक्ष करत नाही. म्हणून त्या डोळ्याचे चित्र पाठवण्यापूर्वी मऊ करावे आणि मग आवळावे. आणि आधी झालेल्या गणितामुळे माझी सूचना अशी की सरांनी हे शेवटचा उपाय म्हणूनच करावे, कारण मऊपणात पिक्सेलच्या अंशाची अचूकता जाते.

चौथा मजला

माझी शंका पूर्णपणे फिटली नाही, तरी सरांनी प्रश्न ज्या प्रकारे लहान केला तो मला पटला. तिकडच्या बाजूला काटकोनातील साधा कॅमेराही असू द्यावा, एवढा आग्रह मी कायम ठेवतो. स्टिरिओ कॅमेऱ्यालाही खांबाच्या मागची पकड दिसणार नाही. दोन भिंगे २० सेंटीमीटर दूर केली तरी ती एकाच बाजूला आहेत.

तारवाला

चौथा मजला यांच्याशी मी सहमत आहे. दोन प्रवाह ठेवावेत. स्टिरिओ प्रवाहाला १० ते १२ मेगाबिट आणि बाजूच्या कॅमेऱ्याला ४ मेगाबिट द्यावेत. बाजूचे चित्र फ्रेमच्या अचूकतेने जुळण्याची गरज नाही.

पॅकेट हरवण्याविषयी अजून कोणी लिहिलेले नाही. व्हिडिओत प्रत्येक फ्रेम मागच्या फ्रेमवर अवलंबून असते, म्हणून एक पॅकेट गेले तरी पुढची की-फ्रेम (मागच्या फ्रेमवर अवलंबून नसलेली पूर्ण फ्रेम) येईपर्यंत चित्र बिघडलेले राहते. थ्रीडीत याचा त्रास अधिक होतो, कारण बिघाड एकाच डोळ्यात झाला तर दोन्ही डोळ्यांची चित्रे जुळत नाहीत आणि काही मिनिटांत डोके दुखू लागते. टीसीपी या पाठवण्याच्या पद्धतीत हरवलेले पॅकेट परत येईपर्यंत मागची सर्व पॅकेटे अडकून राहतात, म्हणून असे न थांबणाऱ्या यूडीपीवर चालणारी पद्धत घ्यावी. एसआरटी हा २०१७ पासून मुक्त असलेला प्रोटोकॉल यासाठी सोयीचा आहे. त्यात उशिराची मर्यादा आपण ठरवतो आणि त्या मर्यादेत हरवलेले पॅकेट पुन्हा मागवले जाते. जर्मनीशी जाण्यायेण्याचा वेळ पाहून ती मर्यादा त्याच्या तीन-चार पट ठेवावी. यामुळे आपल्याला दिसणारे चित्र आणखी थोडे उशिरा येईल, पण दुरुस्ती मूल खाली उतरल्यावरच सांगायची असल्याने ते चालेल. ओबीएस हे विनामूल्य सॉफ्टवेअर एसआरटीवर पाठवू शकते. आवाज मात्र वेगळ्या साध्या कॉलवर ठेवावा, तो चित्रासाठी खोळंबू नये.

पावसाळ्यात इकडची जोडणी गच्चीवरून गच्चीवर टाकलेल्या केबलवर अवलंबून असेल तर मोबाइलची ५जी जोडणी हाताशी ठेवावी. आपल्याकडे उतरवण्याचा भार जास्त आणि पाठवण्याचा कमी असल्याने ती बहुधा पुरेल. समुद्राखालच्या केबली तुटल्याचे प्रसंगही घडतात. २००८ च्या जानेवारीत अलेक्झांड्रियाजवळ आणि २०२४ मध्ये तांबड्या समुद्रात ते घडले होते. अशा वेळी वाहतूक लांबच्या मार्गाने वळते आणि उशीर वाढतो. त्या दिवशी थ्रीडी बंद करून साधा प्रवाह ठेवणे इष्ट.

पारसिक बोगदा

एक सूचना राहिली होती. तेल लावलेल्या गोल खांबावर पोत नसल्याने दोन चित्रांतील बिंदू जुळवणे डोळ्यांनाही कठीण जाते. खांबावर चिकटपट्टीच्या खुणा करता येतील का?

सलामी

खांबावर काहीही चिकटवता येणार नाही. मांडी आणि तळहात तिथूनच सरकतात, पट्टीची कड लागून कातडी सोलवटेल. खांबाच्या मागे, खेळाडूच्या पोहोचेबाहेर, चौकटींचा मोठा फलक उभा करता येईल. त्याने काम होईल का?

लोलक

चांगले होईल. काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या फलकावरून दोन्ही कॅमेऱ्यांची जुळवणी तपासण्याची पद्धत रूढ आहेच, त्यामुळे तो फलक दोन्ही कामांना येईल. चौकटींची बाजू १० सेंटीमीटर ठेवावी आणि फलकाचे खांबापासूनचे अंतर मोजून लिहून ठेवावे. फलकाला किंचित मंद रंग द्यावा, कारण फार तीव्र काळा-पांढरा फरक एन्कोडरचे बिट खाऊन टाकतो आणि ते खेळाडूला मिळाले पाहिजेत.

वर्गाआधी तिकडच्या मदतनिसांना फलकासमोर एक लहान दिवा हातात धरून उघडझाप करायला सांगावे. इकडे मुद्रित प्रवाह एकेक फ्रेम पुढे नेऊन पाहावा. डाव्या आणि उजव्या चित्रात दिवा एकाच फ्रेमला पेटलेला दिसला तरच त्या दिवशी खोलीवर विश्वास ठेवावा. एका फ्रेमचाही फरक असेल तर कॅमेरा बंद करून पुन्हा सुरू करावा आणि तपासणी परत करावी.